रेशन कार्डावर माहेरचं नाव

या हकिकतीत मी कुणाचंच नाव लिहिणार नाही. एका नावावरूनच आमच्या घरात एवढं रामायण झालं, त्यात आणखी भर नको.

मी शहरातल्या एका खासगी दवाखान्यात आरोग्यमित्र आहे. दारातून आत आलं की डाव्या हाताला जे टेबल लागतं, त्यामागं मी बसते. सरकारच्या आरोग्य योजनेतून ऑपरेशन होणार की नाही, हे नातेवाईक डॉक्टरांच्या आधी मला विचारतात. मी आधार बघते, रेशन कार्ड बघते, संगणकात दोन्ही जुळतात का ते बघते आणि मंजुरीसाठी पुढं पाठवते. माझा आवाज मोठा आहे, बोलणं फटकळ आहे आणि काम चोख आहे. तिन्ही गोष्टींचा मला अभिमान आहे आणि तो मी झाकून ठेवत नाही.

मी नोकरीला लागले तेव्हा लोक रेशन कार्ड हातात धरूनच आत यायचे, रंग दिसेल असं. पिवळं किंवा केशरी असलं की चेहरा मोकळा. पांढरं कार्ड आणि जोडीला शेतीचा उताराही नाही, असा माणूस आला की मी त्याचे कागद उगाच दोनदा चाळायची. पुढं योजना सगळ्यांसाठी खुली झाली. त्या दिवशी मी घरी जाताना जिलेबी नेली होती. नवऱ्यानं विचारलं, "काय, पगार वाढला का?" मी म्हटलं, "माझा नाही, सगळ्यांचा." त्याला काही समजलं नाही, पण जिलेबी त्यानं खाल्ली.

कागदावर आता कुणी बाहेर राहिलं नव्हतं. टेबलावर मात्र अजून कुणीतरी बाहेर राहतच होतं, आणि ती बहुतेक वेळा बाई असायची. पोरीचं लग्न झालं की माहेरच्या रेशन कार्डातून तिचं नाव कमी करतात. सासरच्या कार्डात ते चढवायला कुणाला सवड नसते. चढवलंच तर तिथं ते वेगळंच असतं, कारण आपल्याकडं लग्नात बाईचं नावच बदलतात. आधारवर एक बाई, रेशन कार्डावर दुसरी, आणि समोर स्ट्रेचरवर मात्र एकच. संगणक म्हणतो, नाव जुळत नाही. आमच्या शहराचं नाव बदललं तर त्याचं राजपत्र निघालं. बाईचं नाव बदलतं तेव्हा फक्त तांदळाचं ताट येतं.

माझ्या लग्नातही ते ताट आलं होतं. ताटात तांदूळ पसरायचे आणि नवरदेवानं अंगठीनं त्यावर बायकोचं नवं नाव लिहायचं, अशी रीत. माझ्यासाठी नाव सासूबाईंनी आधीच ठरवून ठेवलेलं. मी इथं शहरात, सिडकोत वाढलेली, तोंडानं आधीपासूनच अशी. मी होणाऱ्या नवऱ्याला साखरपुड्यातच सांगून ठेवलं होतं, की माझ्या सगळ्या मार्कमेमोंवर माझं नाव आहे आणि तेच राहील. त्या भल्या माणसानं सगळ्या मांडवासमोर तांदळावर माझंच नाव लिहिलं. सासूबाईंनी ताट उचललं, हातानं तांदूळ सारखे केले आणि आत निघून गेल्या.

"म्या बदललं, मपल्या सासूनं बदललं. हिच्याच नावाला काय सोनं लागलंय?" हे त्या स्वयंपाकघरात म्हणाल्या, पण मला ऐकू येईल इतक्या जोरात. 

आमच्याकडं सासूला आत्या म्हणतात, तर मीही आत्याच म्हणते. त्यांनी मात्र मला माझ्या नावानं कधी हाक मारली नाही. आधी "ए पोरी", मग मुलगी झाल्यावर "पोरीची आई". भांडण असं कधी नव्हतं. गावी गेले की माझ्या आवडीचं पिठलं टाकायच्या, परत निघताना पिशवीत मोसंबी भरून द्यायच्या. फक्त नाव घ्यायच्या नाहीत. मीही हट्टी, मीही कधी विचारलं नाही.

आमचं गाव पाचोडच्या अलीकडं. तिथं आत्या आणि सासरे दोघंच राहतात. सासऱ्यांना घरात सगळे नाना म्हणतात. नाना म्हणजे फार कमी बोलणारा माणूस. मोसंबीच्या झाडांशी जेवढं बोलतील तेवढंही माणसांशी बोलत नाहीत. आत्यांना तर त्यांनी उभ्या जन्मात नावानं हाक मारलेली नाही. माहेरच्या नाही आणि सासरच्याही नाही. काही हवं असलं की दाराकडं तोंड करून म्हणायचं, "ऐकलं का?" आत्या आतून यायच्या. एवढ्या एका प्रश्नावर त्या दोघांचा सगळा संसार झाला.

दोन वर्षांपूर्वी आत्यांना दम लागायला लागला. आधी शेतातून येताना, मग अंगण झाडताना. आत्या म्हणायच्या, वय झालं. बाजाराच्या दिवशी पाचोडला गेल्या असताना भाजीच्या पाटीपाशी त्या खालीच बसल्या. तिथल्या डॉक्टरांनी छातीला नळी लावली, बराच वेळ ऐकलं आणि लगेच शहरात न्यायला सांगितलं. आमच्या दवाखान्यात तपासण्या झाल्या. हृदयातली एक झडप आकसून गेली होती. ती बदलायला हवी होती, आणि डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की फार थांबून चालणार नाही.

नवरा वाळूजच्या कंपनीत आहे. कंपनीचा विमा आहे, पण त्यात तो, मी आणि मुलगी. आई-वडील बसत नाहीत. आत्यांसाठी वेगळी पॉलिसी घ्यावी, तर असलेला आजार सुरुवातीची काही वर्षं त्यात धरत नाहीत. म्हणजे ज्या दुखण्यासाठी विमा हवा, तेवढं सोडून बाकी सगळ्याचा विमा मिळणार. सगळी भिस्त योजनेवर होती. मला त्याची काळजी वाटली नाही. सून कोण आहे, असं मनात म्हणत मी ऐटीत आत्यांचे कागद माझ्याच टेबलावर मांडले.

आधार कार्डावर एक नाव होतं. रेशन कार्डावर दुसरं. 

मी दोन्ही पुन्हा पाहिली. इतकी वर्षं दुनियेचे कागद तपासले आणि स्वतःच्या सासूचं आधार कधी हातात घेतलं नव्हतं. त्या ते ट्रंकेत, लुगड्याच्या घडीखाली ठेवायच्या. संगणकानं सांगायचं तेच सांगितलं. मी लोकांना रोज जे वाक्य ऐकवते ते आता मला नवऱ्याला सांगायचं होतं. नाव जुळत नाही.

संध्याकाळी आमच्या घरी सगळे बसलो. आत्या खाटेवर उशीला टेकून, नाना दाराजवळ खुर्चीत. मी सगळं समजावलं. मतदान कार्डावर, रेशन कार्डावर, शेताच्या उताऱ्यावर सासरचं नाव आहे. एकट्या आधारवर माहेरचं. जिथं एकच वेगळं निघतं तिथं ते एक दुरुस्त करायचं, असं कुणीही सांगेल. वाट कुठलीही धरली तरी खेटे होतेच, पण माझ्या डोक्यात आधारचंच होतं.

"लासूरच्या मामानं घोळ घातला," नवरा म्हणाला. आत्यांचं माहेर लासूर स्टेशनजवळ. त्यांची आई आजारी असताना त्या तिकडं राहिल्या होत्या आणि आधार तिथल्याच कॅम्पात काढलेलं होतं. "आधार बदलून टाकू."

"तेच करा," नाना म्हणाले.

"नाय," आत्या म्हणाल्या.

आम्हाला वाटलं त्यांना नीट समजलं नाही. नवरा पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागला. आत्यांनी हातानंच त्याला थांबवलं. बोलताना त्यांना मधे मधे दम खावा लागत होता.

"समजलं मला. आधार नाय बदलायचं. अन् मामानं घोळ नाय घातला. म्या सांगितलं ते नाव. त्या मशीनवरच्या पोरीनं मला इचारलं, आजी, तुमचं नाव काय? लई वर्षांनी कुणी मला मपलं नाव इचारलं व्हतं. नायतर समदे बाजूच्याला इचारतात, हिचं नाव काय म्हणून. म्या जे खरं व्हतं ते सांगितलं. तिनं बोटं घेतली, डोळ्याचे फोटू काढले. बोटं मपली, डोळे मपले, मग नाव दुसरं काहून?"

मग नाना बोलले, जमिनीकडं बघत. "मपल्या आईचं नाव हाय ते."

तेव्हा मला सगळा उलगडा झाला. आत्यांचं माहेरचं नाव आणि त्यांच्या सासूचं नाव एकच होतं. घरात एका नावाच्या सासू-सून कशा चालतील, म्हणून लग्नात सुनेचं नाव बदललं. कुणी तिला विचारलं नव्हतं. नानांनाही नाव वडीलधाऱ्यांनीच सांगितलेलं, त्यांनी फक्त अंगठी फिरवली.

"तुमच्या आईला जाऊन लई दिस झाले," आत्या म्हणाल्या. "आता ते नाव मोकळं हाय."

मला राग आला. खरंच सांगते, भयंकर राग आला. ही बाई खाटेवर धापा टाकतेय, डॉक्टर म्हणतात थांबू नका, आणि ही नावावरून अडून बसलीय. मी म्हणाले, "आत्या, जिवापेक्षा नाव मोठं आहे का? आणि मांडवात तर तुम्हीच माझं नाव बदलायला निघाला होतात."

"व्हय," आत्या म्हणाल्या. "निघाले व्हते. तू नाय म्हणलीस, अन् कुणी तुला काय बी केलं नाय. आभाळ पडलं नाय. मला कळलंच नव्हतं, नाय म्हणता येतं म्हणून. त्याचाच राग आला व्हता मला. तुजा नाय, त्याचा."

मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. मी त्यांच्याशेजारी खाटेवर बसले. नवरा खिडकीबाहेर बघायला लागला. इतकी वर्षं ज्या बाईनं माझं नाव घेतलं नाही, तिला माझ्या नावाची किंमत माझ्याइतकीच ठाऊक होती. त्या क्षणापासून मला माझ्या सासूचा जो अभिमान वाटायला लागला, तो आजही तसाच आहे.

आधार बदलायचं नाही, तर रेशन कार्ड बदलायचं. दुसऱ्या दिवसापासून मी कंबर कसली. लासूरच्या शाळेतून आत्यांचा दाखला काढून आणला. शाळा चौथीपर्यंत, पण नाव ठळक. गावातून दाखला घेतला की या दोन नावांची बाई एकच. आणि तेच नानांनी प्रतिज्ञापत्रावर सांगायचं होतं. नाना हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. तालुक्याला जायच्या सकाळी मात्र धुतलेला सदरा घालून, टोपी घालून आमच्या आधी भाड्याच्या जीपमध्ये जाऊन बसले.

तालुक्याच्या कार्यालयात खिडकीमागं एक बाई होत्या. माझ्याच वयाच्या. आत्यांचीही सही लागणार होती; त्यांना बाकावर बसवून मी आणि नाना पुढं झालो. बाईंनी कागद चाळले आणि मान वर केली.

"सासरचं काढून माहेरचं लावायचंय? इथं सगळे उलटं मागायला येतात."

"आम्ही सुलटं मागायला आलोय," मी म्हणाले.

त्या हसल्या. मग नानांना म्हणाल्या, "बाबा, तुमच्या मंडळींचं लग्नाआधीचं नाव काय?"

नाना वरच्या पंख्याकडं बघायला लागले. "तिथं लिवलंय की."

"लिहिलंय ते दिसतंय मला. तुम्ही सांगा."

नानांनी टोपी सारखी केली. ओठ हलले, आवाज काही आला नाही. मी तोंड उघडणार, इतक्यात मागून बाकावरून आत्या म्हणाल्या, "बाई, ते नाय सांगायचे. मला आजवर कोणत्याच नावानं हाक मारली नाय त्यांनी. 'ऐकलं का' म्हणतात, तेच मपलं नाव. ते काय चढवता येतंय का बघा." खिडकीतल्या बाई, मागं उभे असलेले लोक, सगळे हसले. नाना हसले नाहीत. त्यांनी कागद पुढं ओढला आणि एकेक अक्षर कोरत सही केली. बोट ठेवून ते आत्यांचं नाव पुन्हा वाचत होते, हे मी पाहिलं.

नंतरचे दिवस मी कसे काढले ते मलाच माहीत. आत्या आमच्याकडंच होत्या. औषधांवर दम थोडा कमी झाला होता, पण बाथरूमपर्यंत जायचं तरी त्यांना माझा हात लागायचा. मी रोज सकाळी पहिला पेशंट येण्याआधी संगणक उघडून बघायची. जुन्याच नावाचं जुनंच उत्तर. आपण त्या दिवशी जोर करून आधारच बदलायला लावायला हवं होतं का, असंही मनात यायचं. मग एका सकाळी आत्यांचं खरं नाव दोन्हीकडं आलं. जुळलं. मी खुर्चीतून उठून एवढ्या मोठ्यानं ओरडले की औषधांच्या काउंटरवरचा मुलगा धावत आला. त्याला वाटलं कुणी पडलं. मंजुरी आली, तारीख मिळाली.

पुढची एक गोष्ट इथंच सांगून टाकते, नाहीतर राहून जाईल. आत्या बऱ्या झाल्यावर आमच्या गावात आरोग्य कार्डांचा कॅम्प झाला. आमच्या वरिष्ठांना मी बैठकीत आत्यांची सगळी कथा ऐकवली होती, त्यामुळं या वेळी नोंदणीआधी बायकांचे कागद जुळवून बघायचं ठरलं होतं. पण बायका दुसरं नाव सांगायलाच लाजत होत्या. मग आत्याच पुढं खुर्ची टाकून बसल्या. येईल त्या बाईला विचारायच्या, "आईनं ठेवलेलं नाव काय गं तुजं?" एकेक बाई आधी इकडंतिकडं बघायची, मग हळूच सांगायची. म्हाताऱ्या म्हाताऱ्या बायका स्वतःचं नाव सांगून तोंडाला पदर लावत होत्या. कुणी कुठलं नाव कार्डावर ठेवायचं ते आत्या सांगत नव्हत्या. तेवढं म्हणायच्या, "कोणतं बी ठेव, पण तू सांग." योजना मुंबईत ठरते, दिल्लीत ठरते, मला त्यातलं सगळं कळत नाही. पण ती आमच्या गावात खऱ्या अर्थानं त्या दिवशी पोचली, आणि ती माझ्या सासूनं पोचवली, हे मी कुणालाही छातीठोक सांगेन.

आता ऑपरेशनचं. झडप बदलली, सगळं नीट झालं, असं डॉक्टरांनी बाहेर येऊन सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी अतिदक्षता विभागात आत्यांच्या घशातली नळी काढली. पण आत्या गुंगीतून नीट बाहेर येत नव्हत्या. डोळे किलकिले करायच्या, पुन्हा मिटायच्या. सिस्टर पडद्याबाहेर आल्या आणि म्हणाल्या, "घरचं कुणीतरी एक आत या. ओळखीच्या आवाजात हाक मारा, म्हणजे लवकर शुद्धीवर येतात."

मी नवऱ्याकडं पाहिलं. पण नाना आधीच उठले होते. सिस्टरनी त्यांना हिरवा झगा घातला, तोंडाला मास्क बांधला. मी तिथलीच कर्मचारी, म्हणून मला दारात उभं राहू दिलं. नाना खाटेपाशी गेले आणि नुसते उभे राहिले. हात कुठं ठेवावा हेही त्यांना कळत नव्हतं.

"बाबा, हाक मारा ना," सिस्टर म्हणाल्या. "घरी काय म्हणता त्यांना?"

"काय बी नाय," नाना म्हणाले.

सिस्टर माझ्याकडं बघायला लागल्या. खाटेच्या पायथ्याशी पुठ्ठ्यावर पेशंटचं नाव लिहिलेलं होतं, तेच, माहेरचं. नानांनी ते पाहिलं. मग ते वाकले, आत्यांच्या कानाशी तोंड नेलं आणि त्यांनी ते नाव घेतलं. आवाज इतका हळू होता की मला तो जेमतेम ऐकू आला. आत्या हलल्या नाहीत. नाना सरळ झाले, त्यांनी मास्क खाली ओढला आणि पुन्हा तेच नाव घेतलं, या वेळी शेतातून हाक मारावी तसं, मोठ्यानं. शेजारच्या खाटेवरच्या माणसानं मान वळवली.

आत्यांनी डोळे उघडले. बराच वेळ त्या नानांकडं बघत राहिल्या. घसा बसलेला, ओठ सुकलेले.

"ऐकलं," त्या म्हणाल्या.